सूर्याचं उद्यापन

क्षेमकल्याणींच्या घरात मिक्सर लावायचा तर आधी विचारावं लागे. हे ऐकून आभाची मावसबहीण एकदा पोट धरधरून हसली होती. पण ती बापडी दोन दिवसांची पाहुणी, तिला काय कळणार! आभाने उभा संसार केला तो अशा माणसाबरोबर, ज्याच्या तोंडून दिवसातून दहादा एकच वाक्य निघे: "श्श्, गप्प बस जरा, ऐकू दे." आणि ऐकायचं काय, तर खरखर. नाशिकच्या इंदिरानगरातल्या बैठ्या घराच्या गच्चीवर तारा ताणलेल्या, खालच्या खोलीत एक खोकं, आणि त्या खोक्याला कान लावून बसलेले प्राध्यापक शरच्चंद्र क्षेमकल्याणी. पाहुण्यांना वाटे रेडिओ बिघडलाय. "बिघडलेला नाही, सूर्य बोलतोय," असं आभाने सांगितलं, की पाहुणे चहा संपवून लवकर उठत.

माणूस मूळचा रामकुंडावरचा. वडील, आजोबा, पणजोबा, सगळे यात्रेकरूंचे विधी सांगणारे. एकुलत्या एका मुलाने गादी चालवायची हे न बोलता ठरलेलं होतं. पण दहावीच्या सुट्टीत शरदने शेजाऱ्यांचा मोडका रेडिओ उघडला आणि तो त्यातून पुन्हा बाहेर आलाच नाही. "लोक सूर्याला अर्घ्य देतात, हा सूर्याकडून काय घेणार आहे कोण जाणे," असं वडील म्हणत, पण अडवलं त्यांनी कधी नाही. पुण्याला एम.एस्सी. झाली, डॉक्टरेट झाली. नारायणगावजवळ त्या अवाढव्य रेडिओ दुर्बिणी उभ्या राहत होत्या, तिथे काही वर्षं गेली. परदेशातून बोलावणं आलं तेव्हा वडील अंथरुणाला खिळले होते. आठवडाभरासाठी म्हणून नाशिकला आलेला शरद तिथेच राहिला, कॉलेजात शिकवू लागला आणि सगळ्यांचा 'सर' झाला. पुढेपुढे आभाही मनातल्या मनात त्यांना सरच म्हणायला लागली.

वर्गात पहिल्या दिवशी सर काहीच शिकवत नसत. जुना रेडिओ टेबलावर ठेवायचा, काटा दोन स्टेशनांच्या मध्ये न्यायचा आणि म्हणायचं, "ऐका. तारे नुसते चमकत नाहीत. या खरखरीतला थोडासा आवाज आकाशातून येतोय." निम्मा वर्ग खिदळे. एखाददुसरं पोरगं मात्र एकदम गप्प होई. तेवढी पोरं सरांची.

आता सरांचं वेड काय, ते सांगायला हवं. सूर्य साधारण अकरा वर्षांत एकदा भडकतो, मग शांत होतो, मग पुन्हा भडकतो. भडकला की रेडिओलहरींचा नुसता आरडाओरडा करतो. सरांना एक अख्खं आवर्तन ऐकायचं होतं. एकच जागा, त्याच तारा, रोज उगवतीपासून मावळतीपर्यंत, एका दिवसाचाही खंड न पडता. मोठ्या दुर्बिणींपुढे जगभरच्या संशोधकांची रांग; अकरा वर्षं सूर्यापुढे ठाण मांडून बसायला तिथे कोण देणार? आणि नाशकात तर बोलूच नका. इन्व्हर्टर, मोबाइल, रस्त्यावरचे दिवे, सगळ्यांचा गोंगाट सरांच्या यंत्राला ऐकू येई. मग सुट्टीसुट्टीला गोंगाट मोजायचा डबा जीपमध्ये टाकून शांत जागेचा शोध सुरू झाला. जीप डिझेलची, मुद्दाम जपलेली. पेट्रोलच्या गाडीत ठिणगी असते आणि ठिणगी म्हणजे आवाज.

ती जागा सापडली सुरगाण्याच्या पलीकडे, गुजरातच्या हद्दीला टेकलेल्या उंबरमाळला. तीन पाड्यांचं गाव, मधोमध उघडाबोडका माळ. सरांनी डबा चालू केला, काटा खाली खाली गेला आणि त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. लग्नात माहेर सोडून आलेली मी रडले, पण या माणसाच्या डोळ्यांत काही टिपूस दिसलं नव्हतं, हे आभाला तेव्हा आठवलं आणि थोडा रागही आला.

माळ होता रावजीचा. भात-नागली करणारा शेतकरी, बोलणं कमी. त्याने ग्रामसभा बोलावली. सरांनी हात जोडून सांगितलं, "मी अकरा वर्षं रोज सूर्य ऐकणार आहे. मध्ये खंड पडता कामा नये. मोटारसायकलची ठिणगीसुद्धा माझ्या यंत्राला विजेसारखी ऐकू येते. तेव्हा जमलं तर माळाजवळून जरा जपून."

सगळे चुळबुळले. रावजीने एवढंच विचारलं, "सर, तुमी रामकुंडावरचे ना?"

"हो, वडील तिथेच होते."

"मंग झालं," रावजी म्हणाला, आणि सभा उठली.

सर त्या सभेचं कौतुक पुढे वर्षानुवर्षं करत राहिले. केवढी वैज्ञानिक दृष्टी, एका शब्दाने विरोध नाही! ओझरच्या विमान कारखान्यातून लिलावात निघालेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या आणल्या, विद्यार्थ्यांनी खांब रोवले, तारा ताणल्या, आणि सूर्य ऐन भरात असताना, मागच्या सिंहस्थाच्या आदल्या दिवाळीला, काम सुरू झालं. रावजी बॅटऱ्या बघी, सर दर शनिवारी जात. दर परिषदेत ते उंबरमाळचे आलेख दाखवत आणि म्हणत, "ही निसर्गाने दिलेली शांतता आहे." रावजीच्या 'मंग झालं'चा अर्थ विचारायचं मात्र कुणालाच सुचलं नाही.

बघता बघता दहा वर्षं सरली. सर निवृत्त झाले, आभाही बँकेतून मोकळी झाली. सूर्य पुन्हा भरात आला होता. येती दिवाळी आली की आवर्तन पुरं. सर कॅलेंडरकडे असे बघत, जसं लहान मूल मामाच्या गावाच्या तारखेकडे बघतं. गुडघा तेवढा कुरकुरत होता, म्हणून फेब्रुवारीतल्या एका शनिवारी आभा त्यांच्यासोबत निघाली.

दिंडोरीच्या पुढे द्राक्षबागांच्या कडेला एक बाई हात करत धावत आली. रावजीची मुलगी तृप्ती. लहानपणी माळावर सरांना चहा आणून देणारी. आता लग्न होऊन पाड्यावरच नांदत होती. सुगीला नवऱ्याबरोबर बागेत मजुरीला यायची. फवारणीच्या औषधांत नको म्हणून तिची चार वर्षांची निकिता गावाकडे आजीजवळ होती.

"बाई, आईला सांगा, उद्या बाराला फोन घेऊन खिंडीत ये. मागल्या रविवारी मला सुट्टी नाय भेटली."

"खिंडीत कशाला गं? घरी कर की फोन."

तृप्तीने जीपमध्ये बसलेल्या सरांकडे एकदा पाहिलं. "घरी कुठं रेंज लागते, बाई," एवढं म्हणून ती परत फिरली. आभाला ते पाहणं खटकलं, पण सरांनी तोवर गिअर टाकला होता.

उंबरमाळला पोचल्यावर सर जे माळावरच्या यंत्राच्या खोपटात शिरले ते शिरलेच. आभा खाली जांभळाच्या झाडापाशी टेकली. एक पोरगा मोटारसायकलवरून आला, चढाच्या अलीकडे उतरला, गाडी बंद केली आणि धापा टाकत ढकलत निघाला. माळ मागे पडल्यावर त्याने किक मारली आणि भुर्रकन गेला. पेट्रोल संपलं असेल, आभाला वाटलं. तेवढ्यात दुसरा आला. तोही उतरला. तिसऱ्याच्या मागे बायको डोक्यावर दळणाचं गाठोडं घेऊन चालत होती आणि तो घामाघूम होऊन गाडी लोटत होता. सगळ्यांचंच पेट्रोल एकाच जागी कसं संपेल?

रावजीची बायको भागीबाई चुलीपुढे नागलीच्या भाकरी थापत होती. आभाने तिलाच विचारलं.

"सरांचं वरत हाय ना," भागीबाई म्हणाली. जणू पाऊस का पडतो असं विचारलं होतं.

"कसलं व्रत?"

"सूर्यदेवाचं. आमी डोंगऱ्यादेवाचं वरत पाळतो ते पंधरा दिवसांचं. त्यात काय कमी पथ्य असत्यात? सरांचं अकरा वर्षांचं, रामकुंडावरल्या भटजींनी धरलेलं. मोडलं तर त्यांना लागंल, आन्‌ गावालाबी. म्हनून दिवसा माळापासनं गाडी चालवायची नाय, गिरण दिवस बुडाल्यावर लावायची. पोरान्लाबी ठावं हाय."

निसर्गाने दिलेली शांतता! दहा वर्षं अख्खं गाव गाड्या ढकलत होतं आणि हे परिषदांमधून निसर्गाचे आभार मानत होते. तिला हसूही येत होतं आणि डोळेही भरून येत होते. तेवढ्यात भागीबाई पुढचं बोलून गेली, आणि हसू पार विरलं.

मोबाइलच्या टॉवरवाले दोनदा येऊन गेले होते. तिन्ही पाडे दिसतील अशी जागा गावात एकच, हा माळ. रावजीने दोन्ही वेळा त्यांना सांगितलं, दिवाळीनंतर या. आता निरोप आला होता की या महिन्यात गावाने होकार दिला नाही तर टॉवर दुसऱ्या गावाला जाईल, आणि पुन्हा नंबर कधी लागेल याचा भरवसा नाही.

"मग? काय ठरलं?"

"काय ठरायचं! वरत का कुनी मधी मोडतं? नायच म्हनायचं," भागीबाईने भाकरी उलटली. "पन सरांना बोलू नका हां. जिवाला लावून घेतील."

आभा रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर झाली. सरांना सांगितलं तर ते सगळं बंद करतील, आणि जन्मभराचं स्वप्न दाराशी येऊन परत जाईल. किंवा सांगूनही ते बंद करणार नाहीत, 'आठच महिने तर राहिले' म्हणतील. त्यातलं काय जास्त वाईट, हे तिला ठरवता येईना. या माणसाची खरखर तिने आयुष्यभर सोसली होती ती तो मनाने निर्मळ म्हणून. तो तसा नाही असं आज कळलं असतं, तर तिचं काय उरलं असतं?

सकाळी ती म्हणाली, "अहो, आज खिंडीपर्यंत चला."

"गुडघा..."

"गुडघ्याला मी सांभाळते. भागीबाईला पोर काखेत घेऊन चढ चढावा लागतो, जीप काढा."

खिंडीत पोचले तर तिथे ही माणसं! म्हातारेकोतारे, कडेवर पोरं, प्रत्येकाच्या हातात फोन. "बाजार आहे का आज इथे?" सरांनी विचारलं. भागीबाईचा फोन वाजला. तिने तो निकिताच्या कानाला लावला. पलीकडून तृप्तीचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. "निके, आई हाय. बोल ना गं. जेवलीस का? बोल की माझी बाय." निकिता तोंड उघडं ठेवून ऐकत होती. आईच्या प्रत्येक प्रश्नाला ती मान डोलवत होती, आणि पलीकडे ते दिसत नव्हतं. मग आवाज तुटला. फोन बंद पडला तरी पोरीने तो कानाचा काढला नाही. डोळे मिटून, श्वास धरून, ती तशीच उभी राहिली.

सर तिच्याकडे बघत राहिले. असं उभं राहणं त्यांच्या ओळखीचं होतं.

"ही बोलत का नाही?" त्यांनी हळूच विचारलं.

"आठवड्यातनं एकदा आईचा आवाज येतो, सर," भागीबाई म्हणाली. "तेवढ्यात ती ऐकून घेते. बोलायचं सुचंस्तोवर रेंज जाते."

"पण मग गावात टॉवर का नाही?"

सगळी खिंड एकदम पायांकडे बघायला लागली. आभाला राहवेना. "विचारा तुमच्या त्या निसर्गाला!" ती म्हणाली, आणि भागीबाईला दिलेला शब्द तिथेच मोडून तिने सगळं सांगून टाकलं. गाड्या, गिरणी, टॉवर, सगळं. भागीबाईने कपाळाला हात लावला.

सर दगडावर टेकले. म्हणाले, "मी सगळीकडे लिहिलं, की ती जागा मुळातच शांत आहे."

"हो."

"शांत नव्हती ती."

"नाही. ठेवली होती."

सर उठले. "रावजीला सांगा, सभा बोलाव. आजच." आभाने तोंड वळवून डोळे पुसले. तिचा माणूस जागेवर होता.

पण खरी गंमत पुढेच. सरांनी सभेत जाहीर केलं की यंत्र उद्या बंद, टॉवर माळावर घ्या. आणि गावाने साफ नकार दिला! म्हातारे उठून उभे राहिले. वरत मोडायचं नाय. रावजी इतका कधी बोलत नाही, पण त्या दिवशी बोलला. "सर, तुमी दमला असाल तर घरी बसा, आमी पाळीपाळीनं कान लावून बसतो. पन मोडायचं नाय. दहा वरसं पाळलं ते काय यासाठी?"

"अरे रावजी, ते व्रत नाही, संशोधन आहे!"

"तेच ते," रावजी म्हणाला.

सरांनी घसा कोरडा होईपर्यंत समजावलं. सूर्य म्हणजे तापलेला वायू, पाप नाही, पुण्य नाही. गाव आदराने ऐकून घेत होतं आणि तसूभरही हलत नव्हतं. नाशिकला परतताना सर म्हणाले, "आभा, ज्या गैरसमजावर माझं सगळं काम उभं राहिलं, तोच आता मला ते थांबवू देत नाही." महिना संपत आला होता.

घरी सरांच्या आई, गोदावरीबाई, वाती वळत बसल्या होत्या. ऐंशी ओलांडलेली म्हातारी, पण कान तिखट. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "शरद, तुझ्या बाबांना जन्मभर काय करताना पाहिलंस रे? लोकांची व्रतं धरून द्यायची आणि सोडवायची. पुढे झेपणार नसेल तर व्रत मोडत नाहीत, उद्यापन करतात. येतं का तुला?"

"आई, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही."

"तुझा कुणी मागितलाय?" गोदावरीबाई म्हणाल्या. "त्यांचा आहे ना? दहा वर्षं त्यांनी पाळलंय. सोडवायचं त्यांच्यासाठी. चल, माझं लुगडं काढ, मी पण येते."

आणि मग उंबरमाळने जे पाहिलं ते नाशिकच्या कॉलेजने कधी पाहिलं नसतं. गादी नाकारलेला मुलगा वडिलांचं धोतर नेसून माळावर उभा. समोर अख्खं गाव, जीपच्या सीटवर आई, मध्ये गोदावरीच्या पाण्याचा तांब्या. मंत्र येतील की नाही या काळजीने आभाचा जीव टांगणीला लागला होता, पण लहानपणी कानावर पडलेलं कुठे जातं? सरांनी ओंजळीने अर्घ्य दिलं. मग खोपटात गेले. त्या दिवशी सूर्य नेमका अंगात आल्यासारखा गर्जत होता. खोक्यातून समुद्र फुटावा तसा आवाज येत होता. असा दिवस वर्षातून एखादाच. सरांचा हात बटणावर गेला आणि थांबला. आभा दारात उभी होती. "ऐका हवं तर अजून थोडं," ती म्हणाली. "नको," सर म्हणाले, आणि त्यांनी बटण दाबलं.

बाहेर येऊन ते रावजीला म्हणाले, "झालं. व्रत पुरं झालं."

रावजीने तांब्याला हात लावून नमस्कार केला. सावकाश उठला, जांभळाखाली उभी केलेली मोटारसायकल काढली आणि भर दुपारी, माळाच्या ऐन पायथ्याशी, किक मारली. फट्‌फट्‌फट्‌ आवाज घुमला. मग दुसऱ्याने मारली, मग पाच-सहा जणांनी. कुणीतरी जाऊन गिरणही लावली. पोरं नाचायला लागली. त्या सगळ्या कल्लोळात सर धोतराचा सोगा डोळ्यांना लावून उभे होते आणि हसतही होते. मग सगळे नागलीची भाकरी आणि उडदाचं भुजं जेवले.

सरांचा शोधनिबंध यथावकाश छापून आला. आवर्तन अपुरं असलं तरी दहा वर्षांची अशी नोंद दुर्मीळ, असा शेरा मिळाला. शेवटी सरांनी उंबरमाळच्या गावकऱ्यांचे आभार मानले होते, दहा वर्षं मोटारसायकली हाताने ढकलल्याबद्दल. छापण्याआधी परीक्षकाने विचारलं होतं, ही काही स्थानिक पद्धत आहे का? सरांनी उत्तर लिहिलं, 'हो.' जागा मुळात शांत नव्हती, हेही त्यांनी निबंधात कबूल केलं.

गच्चीवरच्या तारा त्यांनी उतरवल्या नाहीत, पण खोक्यावर हळूहळू धूळ बसली. घरात विचारल्याशिवाय मिक्सर लागू लागला. आभाला आधी बरं वाटलं, मग ते घर फार गप्प वाटायला लागलं. दिवाळी आली तशी सरांची नजर कॅलेंडरवर जाई आणि आभा मुद्दाम काहीतरी विचारून ती तिथून काढी.

द्राक्षांच्या छाटणीचे दिवस होते. तृप्ती पुन्हा बागेवर गेली होती. एका दुपारी आभा चटणीसाठी मिक्सर लावायला गेली आणि सरांचा फोन वाजला. नंबर भागीबाईचा. माळावर टॉवर उभा राहिला होता; आता तिकडचे फोन घरूनच येत, खिंडीतून नव्हे.

"हॅलो," सर म्हणाले, आणि पुढे काही बोललेच नाहीत. पलीकडून निकिता बोलत होती. आईशी रोज बोलून तिची भीड चेपली होती, आणि आता ती ज्याचा नंबर सापडेल त्याला फोन लावत सुटली होती. शेळी व्याली, दोन करडं झाली, एक काळं आहे, ते रावजीआज्याचा सदरा खातं, आईला सगळं सांगितलं, आई हसली. पोरगी श्वासही घेत नव्हती. सर खुर्चीत पुढे वाकून, डोळे मिटून, फोन कानाशी घट्ट धरून बसले होते.

आभाने मिक्सर चालू केला. सरांनी डोळे न उघडता हात वर केला.

"श्श्, गप्प बस जरा, ऐकू दे."

आभाने मिक्सर बंद केला आणि ओट्याला टेकून तीही ऐकत राहिली.